पक्ष्याच्या पायातील चिठ्ठी

राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव घन्याच्या पाणथळीत, १९६० च्या दशकात, जाळ्यातून अलगद सोडवून घेतलेल्या रानबदकाच्या पायात मुंबईहून आलेली माणसे ॲल्युमिनियमचे एक हलके कडे चढवीत, त्यावरील आकडा वहीत टिपून घेत आणि पाखराला पुन्हा आकाशाच्या स्वाधीन करीत. त्या कड्यावर आकड्याखेरीज एवढाच मजकूर कोरलेला असे की, हे कडे कोणाला सापडल्यास त्याने मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. हिमालय ओलांडून गेलेले ते बदक दूर सोव्हिएत मुलखात एखाद्या शिकाऱ्याच्या हाती पडले आणि त्या भल्या माणसाने टपालाचा खर्च सोसून आकडा लिहून धाडला, तर इकडे दप्तरातील एक ओळ पुरी व्हावी, असा तो सारा व्यवहार होता. वहीतील अपुरी ओळ दुसऱ्याच्या उत्तराने पुरी करून घ्यावी आणि आपल्या नोंदीत चूक असल्यास तीही दुसऱ्याकडूनच कळावी, अशी ही विनंती. आणि त्या संस्थेचा सारा पूर्वेतिहास चाळून पाहिला असता मला असे वाटू लागले आहे की, तिने आपले कारभारी आणि धुरीण घडविले ते याच रीतीने.

हल्ली निसर्गरक्षणाच्या कामास वाहून घेतलेल्या संस्थांच्या प्रमुखांना 'नेतृत्वाचे प्रशिक्षण' देण्याची प्रथा पडली आहे. त्यांच्या हाताखालच्या मंडळींकडून निनावी अभिप्राय भरून घेतात, ते एका बाहेरच्या मार्गदर्शकाच्या हवाली करतात, आणि तो मार्गदर्शक त्या प्रमुखास दोन दिवस एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी नेऊन त्याचे गुणदोष सौम्य शब्दांत समजावून देतो. या प्रकाराची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही, कारण याच्या अगदी उलट प्रकारही मी जवळून पाहिला आहे. एका जिल्ह्याच्या गावी झाडे लावणाऱ्या एका लहानशा मंडळाचा मी काही वर्षे सभासद होतो. दर वर्षी सभा भरे, मागील वर्षाचा अहवाल 'वाचून कायम' होई, लावलेल्या रोपांचा आकडा टाळ्यांच्या गजरात जाहीर होई, आणि लावलेल्यांपैकी जगली किती हा प्रश्न ज्या सभासदाने एकदा उठून विचारला त्याला पुढच्या सभेची नोटीसच पोहोचली नाही. तो सभासद मी नव्हतो, हे येथे ओशाळून कबूल करतो. अभिप्राय मागितला जात नाही तेथे आणि तो छापील नमुन्यावर विकत घेतला जातो तेथे, अशा दोन्ही टोकांहून निराळी एक जुनी वहिवाट मुंबईत होती. तिची हकीकत सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे ज्याला आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखतो त्या वास्तूत, आठ गृहस्थ जमले. सहा इंग्रज आणि दोन आपल्याकडचे : प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतींचे व्यासंगी डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांची सावत्र मुलगी रखमाबाई पुढे थोड्याच काळात कोर्टकज्जामुळे साऱ्या हिंदुस्थानात गाजली. इंग्रजांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे तर जन्माने सातारकर, आणि नोकरीने जकात व मीठ खात्यातले. मिठागरांवर पहारा करता करता डास, बेडूक आणि कावळे यांच्याविषयी ज्याने खुसखुशीत लेख लिहिले असा हा मनुष्य. त्या आठांनी ठरविले काय, तर महिन्यातून एकदा भेटावे, आपापली टिपणे एकमेकांस दाखवावी, जमविलेले चमत्कारिक नमुने टेबलावर मांडावे, आणि परस्परांस उत्तेजन द्यावे. वर्गणी, उद्दिष्टे व पोटकलमे यांचा पसारा पुढे यथाकाल वाढलाच, पण नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मूळ बीज हे एवढेच. आणि 'परस्परांस उत्तेजन' या शब्दांत परस्परांच्या चुका काढणे अंतर्भूत होते, हे टेबलावर नमुना मांडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे. नमुना समोर आहे म्हटल्यावर तोंडदेखले बोलण्याची सोय उरत नाही.

म्युझियमातील जागा अपुरी पडू लागली तेव्हा हर्बर्ट फिप्सन या मद्याच्या व्यापाऱ्याने आपल्या फोर्ब्ज स्ट्रीटवरील कचेरीत सोसायटीला एक खोली दिली, आणि लौकरच दारूच्या हिशेबवह्यांच्या शेजारी सापांच्या बरण्या येऊन बसल्या. पुढे बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटवर हलले. तेथे १८९४ साली कारवारहून आलेला एक धनेश पक्षी मानद चिटणीसांच्या खुर्चीमागे सव्वीस वर्षे मुक्काम ठोकून राहिला. विल्यम हे त्याचे नाव. सभासदाने टाकलेला चेंडू तो आपल्या प्रचंड चोचीत झेलीत असे, आणि १९२० साली तारेचा तुकडा गिळून त्याने देह ठेवला. सोसायटीच्या बोधचिन्हावर आज जो धनेश दिसतो त्याचे मूळ या गृहस्थात आहे. ज्या कचेरीत चिटणीसाच्या मानेमागे असा एक साक्षीदार अष्टौप्रहर बसलेला आहे तेथे पदाधिकाऱ्याला आपल्या हुद्द्याचा तोरा फार वेळ मिरविता आला नसावा, असे मला उगीच वाटते.

१८८६ च्या जानेवारीपासून सोसायटीचे त्रैमासिक निघू लागले. त्याच्या पाठीमागील पानांत 'किरकोळ टिपणे' असत आणि जाणता वाचक आधी तीच उघडी. कोणी जंगलखात्यातील साहेब लिही की, अमुक पक्ष्याचे घरटे आपण अमुक महिन्यात पाहिले. पुढील एखाद्या अंकात कोणी कलेक्टर वा इंजिनिअर सविनय कळवी की, ते घरटे त्या पक्ष्याचे नसून शेजारच्या जातीचे असावे, कारण अंड्यांचा रंग जुळत नाही. यात हुद्द्याची भीड नसे. साम्राज्याच्या त्या काळात, जेथे साहेबाच्या शब्दाविरुद्ध ब्र काढणे म्हणजे रोजीरोटीवर पाणी सोडणे होते, तेथे या चार पानांपुरता मात्र पुराव्याचा अंमल चालत असे. निदान गोऱ्यांच्या आपापसात तरी तो निर्वेध चाले, आणि काळ्या माणसाने गोऱ्याची चूक दाखविली असता काय होई त्याचा दाखला पुढे येणारच आहे.

१९०८ साली खेतवाडीतील एका तय्यबजी कुटुंबातला बारा वर्षांचा पोरका मुलगा मामाची चिठ्ठी घेऊन या कचेरीचा जिना चढला. खेळातल्या बंदुकीने त्याने एक चिमणी मारली होती, आणि तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसल्यामुळे ही खाण्यास चालेल किंवा नाही असा धर्मसंकटाचा प्रश्न घरात उपस्थित झाला होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः सोसायटीचे सभासद. त्यांना त्या पाखराचे नाव सांगता येईना, तेव्हा त्यांनी भाच्याला मानद चिटणीस मिलर्ड यांच्याकडे धाडले. हा मुलगा म्हणजे सलीम अली, हे वाचकांनी ओळखले असेलच, कारण ही गोष्ट आता शालेय पुस्तकांतून फिरते. तथापि पुस्तकांतून ती 'पक्ष्याने मुलाचे आयुष्य बदलले' अशा थाटात सांगितली जाते, आणि तिचा खरा मोलाचा भाग मागे पडतो. मिलर्डसाहेबांनी पक्ष्याचे नाव सांगून मुलाला वाटेस लावले नाही. त्यांनी कपाटाचे खण एकामागून एक उघडले, हिंदुस्थानातील चिमण्यांच्या जाती त्याच्यापुढे मांडल्या, त्यातील पीतकंठी चिमणी त्याच्या हातातील मृत पाखराशी ताडून दाखविली, आणि जाताना एटकेनचे मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक वाचावयास दिले. पुढे त्यांनी त्याला सोसायटीचे पहिले पगारी क्यूरेटर किनियर यांच्या हवाली केले, आणि पक्ष्याचे कातडे सोलून नमुना कसा बनवावा हे तेथे त्याला शिकावयास मिळाले.

हा नमुना कसा असतो ते पाहण्याजोगे आहे. कातडे सोलून, आतून सोमल चोळून आणि कापूस भरून पाखरू उताणे निजविलेले असते. पंख अंगाशी मिटलेले, पायांवर पाय टाकलेले, आणि त्या पायांना दोऱ्याने बांधलेली बोटभर लांबीची एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेस, नर की मादी, आणि मिळविला कोणी, एवढे लिहावयाचे. शिवाय डोळ्याच्या बुबुळाचा, चोचीचा व पायांचा रंग लगोलग टिपावयाचा, कारण प्राण गेल्यावर ते रंग उडून जातात आणि मग पिसांखेरीज कशाचीच साक्ष राहत नाही. नर की मादी हे पिसाऱ्यावरून अंदाजाने न लिहिता पोट उघडून पाहून लिहावे, असा दंडक. चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे नुसते भुसा भरलेले पाखरू. दिवाणखान्यात ठेवण्याच्या लायकीचे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला येथे जे शिक्षण मिळाले त्याचे सार या चिठ्ठीत होते : आपण जे लिहू ते पन्नास वर्षांनी कोणीतरी अनोळखी मनुष्य हातात धरून तपासणार आहे, असे समजून लिहावे.

मध्यंतरी ब्रह्मदेशात तवॉयकडे घरच्या खाणींच्या व लाकडाच्या धंद्यात नशीब काढण्याचा प्रयत्न झाला आणि तो अंगाशी आला. मुंबईस परतल्यावर मंडळींनी तरुणास जमाखर्च व व्यापारी कायदा शिकण्यास बसविले. पण सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर या वनस्पतिशास्त्रज्ञ जेझुइटाने त्याचा कल ओळखून प्राणिशास्त्राची वाट दाखविली. पदवी मात्र पदरी पडली नाही, आणि पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील जागाही मिळाली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा काढून हा गृहस्थ बर्लिनला गेला आणि तेथील विद्यापीठाच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली बसला. वयाने अवघ्या सात वर्षांनी वडील असलेल्या या जर्मन पंडिताला सलीम अली जन्मभर आपला गुरू मानीत.

१९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. मग मुंबईचा खर्च परवडेना म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीमच्या घरी बिऱ्हाड नेले, आणि तेथे पावसाळ्यात सुगरणींची एक वसाहत समोर आयतीच मिळाली. आपल्याकडे घरटे विणण्याच्या कौशल्याचे श्रेय भाषेने मादीला देऊन टाकले आहे, नावच सुगरण. वस्तुतः विणणारा असतो नर. तो घरटे अर्धे विणतो, शिरस्त्राणासारखा आकार आला की थांबतो, आणि मादीच्या पाहणीची वाट पाहतो. मादी येते, आत शिरते, विणीला चोच लावून पाहते. पसंत पडले तर तेथेच संसार थाटते आणि मग नर पुढची नळी विणून काम पुरे करतो, न पडले तर ते अर्धे घरटे तसेच लोंबत राहते. एक मादी स्थिरावली की हा पठ्ठ्या शेजारीच दुसरे घरटे विणावयास घेतो. १९३१ साली त्रैमासिकात प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने सलीम अलींचे नाव जाणकारांच्या तोंडी झाले. नोकरी गेलेल्या माणसाने नाकारलेल्या घरट्यांच्या नोंदी करीत बसावे, यातील योगायोग त्यांच्या विनोदी स्वभावाला जाणवल्याखेरीज राहिला नसेल.

आता काळ्या माणसाने गोऱ्याची चूक दाखविल्याचा तो दाखला. ह्यू व्हिसलर हे पंजाबातील पोलीस अधिकारी. १९२८ मध्ये त्यांचे हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील सुबोध पुस्तक निघाले व ते प्रमाण मानले जाऊ लागले. त्यात पल्लवपुच्छ कोतवालाच्या, म्हणजे भृंगराजाच्या, शेपटीतील दोन लांब तारांच्या टोकांना जे पल्लव असतात ते पिसाच्या दांड्याच्या कोणत्या बाजूस असतात, याचे वर्णन चुकले होते. चूक त्यांची एकट्याची नव्हे. जुन्या ग्रंथांतून नव्या ग्रंथांत ती पिढ्यान्‌पिढ्या नकलली जात होती. सलीम अलींनी नमुना हातात घेऊन पाहिला आणि त्रैमासिकात तसे लिहिले. निवृत्त पोलीस अंमलदाराला कोणा अपरिचित हिंदी माणसाने कोतवालाच्याच बाबतीत खोटे पाडावे, हे व्हिसलरसाहेबांना झोंबले; त्यांनी संपादकांना चांगलीच नाके मुरडणारी पत्रे लिहिली. पण मग त्यांनी आपल्या संग्रहातील भृंगराज बाहेर काढून पुन्हा तपासले, आणि चूक आपलीच आहे असे मोकळेपणी कबूल केले. एवढ्यावर प्रकरण थांबले नाही. सलीम अली हैदराबाद संस्थानात, आणि त्यानंतर त्रावणकोर-कोचीनमध्ये, केवळ प्रवासखर्च घेऊन पक्ष्यांची पाहणी करू लागले, तेव्हा ते जमवीत असलेल्या नमुन्यांचा शास्त्रीय निवाडा ससेक्समध्ये बसून व्हिसलर करीत असत; पाहणीच्या अहवालांत दोघांची टिपणे शेजारी शेजारी छापलेली आहेत. बैलगाडीतून आणि डाकबंगल्यांच्या ओसरीवरून निघालेली पत्रे समुद्रापार जात, तिकडून शंका येत, शंकेच्या पाठोपाठ सूचना येत आणि पुढच्या मुक्कामावर त्या अमलात येत. पुढे सलीम अलींनी व्हिसलरांना आपल्या जिवलग स्नेह्यांत गणले. एका पिसाच्या पल्लवावरून सुरू झालेले भांडण बारा-तेरा वर्षांच्या शिकवणीत परिणत झाले, आणि त्यात शिकविणारा कोण व शिकणारा कोण हे शेवटपर्यंत नक्की झाले नाही. १९४३ मध्ये व्हिसलर वारले.

सर्वच अभिप्राय असे सरळ नसतात. १९३७ साली कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या विक्षिप्त इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाबरोबर सलीम अली अफगाणिस्तानात गेले. कर्नलसाहेब रोज रात्री रोजनिशी लिहीत, आणि तीत त्यांनी आपल्या सोबत्याचे जे वर्णन करून ठेवले ते असे की, हा मनुष्य पुस्तकी विषयांत उत्तम, परंतु प्रत्यक्ष व्यवहारात अगदीच निरुपयोगी. आणि या एका माणसावरून साऱ्या सुशिक्षित हिंदी समाजाविषयी काढावयाचे ते अनुमानही त्यांनी काढून टाकले. ही रोजनिशी पुढे सलीम अलींच्या वाचनात आली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी तो मजकूर आपल्या हाताने छापला, तक्रार म्हणून नव्हे तर गंमत म्हणून. आपल्या निंदेचा मजकूर आपल्याच चरित्रात अक्षरशः उतरविणारे पुढारी आपल्याकडे फारसे झाले नाहीत. आपल्याकडील आत्मचरित्रांतून बहुधा गौरवपत्रेच उतरविलेली आढळतात.

या कर्नलसाहेबांच्या व्यवहारज्ञानाचा हिशेब मात्र दोघांच्याही मृत्यूनंतर निघाला, आणि तो निघाला खानदेशात. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड १८७३ मध्ये शास्त्राला ठाऊक झाले होते. खानदेशात सनदी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत शहाद्याच्या बाजूस त्याचे नमुने मिळविले, आणि नंतर तो पक्षी कोणास दिसला नाही. अपवाद फक्त माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्याचा : त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि तापीकाठचे मांडवी असे लिहिलेले. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने ते पाखरू बारकाईने तपासले, तेव्हा डेव्हिडसनने बनविलेला जुना नमुनाच संग्रहालयातून उचलून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधलेली आहे असे उघडकीस आले. ती चिठ्ठी बाजूला सारून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागाने निघालेल्या रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये, म्हणजे ११३ वर्षांनी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी उघड्या डोळ्यांनी जिवंत रानपिंगळा दिसला. डेव्हिडसनने शाईने लिहिलेले चार शब्द शतकाहून अधिक काळ खरे राहिले. कर्नलसाहेबांचे चार शब्द शोधकांना दीर्घकाळ भलत्याच दिशेला पाहावयास लावून गेले.

स्वातंत्र्य आले, साहेब मंडळी मायदेशी निघून गेली, आणि वर्गणीदारांबरोबर सोसायटीची तिजोरीही रिकामी झाली. त्या पडत्या काळात सलीम अलींनी पंडित नेहरूंना पत्र घालून सरकारी मदत मिळविली आणि संस्था सावरून धरली. १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची मान्यता मिळून संस्थेत पदव्युत्तर संशोधन सुरू झाले, तेव्हा पदवी नाही म्हणून एकेकाळी ज्यांना नोकरी नाकारली गेली तेच आता पदव्या देणाऱ्यांपैकी झाले. त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी व्ही. सी. आंबेडकर यांनी विषय घेतला तो सुगरणींचाच; गुरूची कीर्ती ज्या निरीक्षणावर उभी, तेच पुन्हा तपासावयास शिष्याला मुभा होती. गुरू म्हणून सलीम अली कडक. टिपण त्याच दिवशी लिहिलेले असावे, 'बहुधा' आणि 'खात्रीने' यांतील सीमा पुसली जाऊ नये, आणि मुक्कामात रात्री कोणी घोरू नये, ही त्यांची पथ्ये. पैकी शेवटचे पाळणे शिष्यांच्या हातात नसे. संस्थेचे दुसरे मातबर कार्यकर्ते हुमायून अब्दुलअली यांच्याशी त्यांचे नेहमी पटे असे नाही, हे त्या वर्तुळात सर्वश्रुत होते. परंतु याच अब्दुलअलींनी संग्रहातील पक्ष्यांची सूची करण्यास घेतली, खणामागून खण उपसून एकेक चिठ्ठी वाचली, आणि ती सूची त्रैमासिकातून हप्त्याहप्त्याने कित्येक वर्षे छापली जात राहिली. मतभेद असावेत तर असे उपयोगी.

पुण्याहून एका शाळकरी मुलाचे पत्र सलीम अलींना आले. वेड्या राघूच्या शेपटीत मधोमध जी दोन बारीक पिसे पुढे आलेली असतात ती मला दिसत नाहीत, असे का, असा प्रश्न. ही पिसे गळून नवी येण्याचा काळ असतो, असे उत्तर त्याला लगोलग टपालाने मिळाले. तो मुलगा म्हणजे पुढे परिसरशास्त्रज्ञ झालेले माधव गाडगीळ. मिलर्डने जे खेतवाडीच्या मुलासाठी केले होते त्याचीच ही परतफेड. आणि पुढे १९७५ मध्ये गाडगीळ व सलीम अली यांचा, पक्षी रात्री थव्याने एकत्र का बसतात या विषयावरील लेख, त्याच त्रैमासिकात दोघांच्या नावाने छापून आला.

गाडगीळांनी पुढे त्यांच्याशी ज्या एका प्रकरणात उघड मतभेद नोंदविला ते प्रकरण पुन्हा आपल्याला भरतपूरला घेऊन जाते. केवलादेव घना १९८० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय उद्यान झाला. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाणथळीत चरत. सलीम अली आणि इतर तज्ज्ञांचे मत असे पडले की, चराईमुळे पक्ष्यांना उपद्रव होतो, ती बंद व्हावी. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदीचा हुकूम अमलात आला, गावकरी जमले, पोलिसांनी गोळी चालविली, आणि माणसे मेली. म्हशी बाहेर राहिल्या.

त्याच घन्यात सोसायटीचाच एक दीर्घ अभ्यास १९८० पासून चालू होता, व्ही. एस. विजयन आणि त्यांचे सहकारी पाण्याची पातळी, मासे, गवत आणि पक्षी यांच्या नोंदी दहा वर्षे अखंड घेत राहिले. ज्या संस्थेचा सर्वांत थोर पुरुष बंदीच्या बाजूने उभा होता तिच्याच पगारावर ही माणसे होती. बंदीनंतर नोंदींत उतरू लागले ते असे की, म्हशींच्या तोंडातून सुटलेले पास्पालम जातीचे गवत पाण्यावर पसरू लागले, उघडे पाणी आकसले, माशांना व त्यांवर जगणाऱ्या पाखरांना जागा उरेना. म्हशी उपद्रव करीत नव्हत्या, त्या गवत आवरून धरीत होत्या. सलीम अली २० जून १९८७ रोजी निवर्तले. अभ्यासाचा अंतिम अहवाल १९९१ मध्ये बाहेर पडला, आणि त्यात हा निष्कर्ष आडपडद्यावाचून लिहिलेला होता. दिवंगत धुरीणाच्या स्मृतीस्तव तो चार शब्दांनी मवाळ करता आला असता, तसे कोणी केले नाही. मिलर्डच्या खणांतून, व्हिसलरच्या पत्रांतून आणि पायांना बांधलेल्या त्या चिठ्ठ्यांतून जी सवय अंगी मुरत गेली होती, तिनेच हा अहवाल लिहिला, असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही.

मात्र दुरुस्तीस नऊ वर्षे लागली, हेही त्याच दप्तरात नोंदले पाहिजे. गवत म्हशीशिवाय किती वाढते हे घन्याच्या काठी जन्म घालविलेल्या गुराख्याहून अधिक कोणास ठाऊक असणार. पण त्याच्या ज्ञानाला चिठ्ठी बांधण्याचा रिवाज नव्हता, ते कोणत्याही कपाटाच्या खणात नव्हते आणि किरकोळ टिपणांच्या पानांत त्याला जागा नव्हती. साताऱ्याच्या एटकेनपासून खेतवाडीच्या मुलापर्यंत ज्या ज्या कोणी येथे मत मांडले ते लिहिता येणारे होते. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी पुढे दिली. मग ज्या वाटांनी पूर्वी म्हशी शिरत त्याच वाटांनी बायामाणसे विळे आणि दोर घेऊन आत जाऊ लागली, आणि संध्याकाळी ओल्या गवताचे भारे डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर येऊ लागली, बांधून ठेवलेल्या म्हशींसाठी.